तिसऱ्या खुर्चीतून: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की माझी सगळी नोकरी दोन वैमानिकांच्या पाठी बघण्यात गेली. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांनी तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या जंबो विमानात दोन वैमानिक पुढे बसायचे, आणि त्यांच्या मागे, उजव्या भिंतीकडे तोंड करून, तिसरा माणूस. त्याला फ्लाइट इंजिनिअर म्हणत. इंजिनं, इंधन, वीज, विमानातल्या हवेचा दाब ही सगळी खाती त्याच्याकडे. तो मी. आता साताऱ्यात शाहूपुरीतल्या गच्चीवर बसून अजिंक्यताऱ्यावरून जाणारी विमानं मोजतो, आणि तुमची पत्रं वाचतो.

साखर कारखान्यात एकतीस वर्षं पॅनमन होतो. पॅनच्या काचेसमोर बसून साखर शिजताना बघायची, हेच काम. नवीन माणूस म्हणायचा, हा तर बसून पगार खातो. आता माझा नातू सांगतो की विमान ऑटोपायलटवर आपोआप चालतं आणि वैमानिकही नुसतेच बसतात. खरं काय?
*— एक निवृत्त पॅनमन, वाळवा तालुका*

दादा, निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. दाणा धरतोय की नाही हे बघत बसलेला माणूस बाहेरच्याला रिकामाच दिसतो. एखादा पॅन बिघडला की मग कळतं तो काय करत होता ते.

आधी नातवाची एक चूक दुरुस्त करू. प्रवासी विमान जमिनीवरून उचलतो तो माणूस, तेही हाताने. धावपट्टीच्या टोकाशी उभं राहिलं की मी माझी खुर्ची रुळावरून सरकवून दोघांच्या मधोमध आणायचो आणि तोंड पुढे करायचो. समोर चार थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमीजास्त करायचे दांडे. वैमानिक ते पुढे ढकलायचा, मी मागून हात घालून चारी इंजिनांचे काटे एका ओळीत आणायचो. विमान पळायला लागलं की दुसरा वैमानिक म्हणणार, 'एटी नॉट्स,' म्हणजे वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास आला. चालवणाऱ्याने स्वतःच्या काट्याकडे बघून 'चेक' म्हणायचं. दोघांचे वेगाचे काटे वेगवेगळ्या नळ्यांवर चालतात. ते जुळत नसतील तर ते इथेच कळलेलं बरं, अजून थांबता येतं.

यानंतर बघायचा तो कॅप्टनचा हात. आमच्याकडे विमान को-पायलट उडवत असला तरी थ्रॉटलवर हात कॅप्टनचाच असायचा, कारण थांबायचा निर्णय त्याचा. जंबोचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास गेला की पुकारा व्हायचा, 'व्ही वन.' त्याक्षणी तो हात थ्रॉटलवरून उचलला जातो. इथून पुढे थांबायला धावपट्टी पुरणार नाही, इंजिन गेलं तरी आधी वर जायचं आणि मग काय ते बघायचं. चाळीस पन्नास सेकंदांच्या त्या पळापळीत मला सगळ्यात आवडायची ती हालचाल ही, काहीतरी धरण्याची नव्हे, सोडण्याची. काही कॅप्टन हात झटक्यात उचलत, काही असा काढत की जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरून काढताहेत.

वर गेल्यावर ऑटोपायलट लागतो, हे खरं. पण त्याला दिशा, उंची, वेग कोणी सांगितला? माणसानेच. आणि सांगितलेलं चुकलं तर तो ती चूकही अगदी इमानदारीने पार पाडतो. म्हणून दोघांत कामाची वाटणी असते. एक उडवणारा आणि दुसरा लक्ष ठेवणारा, आणि ती पाळी फेरीगणिक बदलते. विमान एकाने दुसऱ्याच्या हाती देताना 'यू हॅव कंट्रोल' म्हणायचं, घेणाऱ्याने 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचं. मनातल्या मनात देवाणघेवाण चालत नाही.

लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे सांगलीकरांना मी काय सांगणार? २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात तुम्ही सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे फूट विचारत होता. धोक्याची पातळी ४५, हे शेंबड्या पोराला माहीत. पण जाणता माणूस नुसता आकडा विचारत नव्हता. तासाला किती चढतंय, कोयनेतून किती सोडलंय, ते इथे पोचायला किती वेळ, हे धरून तो सामान माडीवर नेत होता. पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आकडा बघत बसलेल्यांची तारांबळ उडाली. कॉकपिटमध्येही असंच असतं. वाटेतला ठरलेला टप्पा आला की कागदावर लिहिलेलं इंधन आणि टाकीत उरलेलं इंधन जुळवून बघायचं. दोनशे किलो कमी असेल तर घाबरायचं कारण नाही, पण मागच्या टप्प्याला शंभर कमी होतं का, ते आठवायला हवं. समोर ढग आहेत. आत्ता, या घटकेला, इंजिन बंद पडलं तर कुठे उतरायचं? मस्कत मागे गेलं, कराची जवळ आहे, तिथलं हवामान काय? चहा पिता पिता हे चालू असतं. बघणाऱ्याला दोन माणसं चहा पिताना दिसतात.

आणि वाचून दाखवणं. कॉकपिटमध्ये सतत कोणीतरी काहीतरी वाचत असतं आणि दुसरा उत्तर देत असतो, आमच्याकडच्या सत्यनारायणासारखं. त्यामागे एक अपघात आहे. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं नवीन चार इंजिनी विमान, मॉडेल २९९, चाचणीसाठी वर गेलं आणि लगेच कोसळलं. जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटी हलू नये म्हणून लावलेली कुलूपखीळ काढायची राहिली होती. चालवणारे नवशिके नव्हते, चांगले मुरलेले होते. तेव्हापासून यादी हातात आली. माणूस हुशार असला तरी यादी वाचायची, आणि यादी पाठ असली तरी वाचायचीच.

नातवाला एवढं मात्र मान्य करा की दिल्लीच्या दाट धुक्यात विमान स्वतः उतरू शकतं. पण त्या उतरण्याच्या वेळी दोघं वैमानिक एरवीपेक्षा ताठ बसलेले असतात. त्याला म्हणावं, एकदा पॅनच्या काचेसमोर आजोबांबरोबर बसून बघ.

मी आठवीत आहे. मला विमान चालू असताना कॉकपिट बघायचं आहे. बाबा म्हणतात, आता आत सोडत नाहीत. पूर्वी सोडायचे का? तुम्ही सोडायचात का?
*— एक विद्यार्थिनी, कोरेगाव*

बाळ, सोडायचो. भरपूर सोडायचो. जंबोचं कॉकपिट वरच्या मजल्यावर, जिना चढून. एअर होस्टेस यायची आणि म्हणायची, एक छोटे पाहुणे आहेत. कॅप्टनने मान हलवली की पाहुणे आत. बहुतेक मुलं आत आली की गप्प होत, कारण जुन्या जंबोच्या कॉकपिटमध्ये दिवे, काटे आणि बटणं मिळून ९७१ होती, आणि त्यांतली बरीच माझ्या बाजूच्या भिंतीवर.

एक मुलगा मात्र गप्प झाला नाही. सहा सात वर्षांचा असेल, आखातातून आईबरोबर सुट्टीला गावी निघालेला. सगळीकडे नीट बघून त्याने मला विचारलं, "काका, हॉर्न कुठाय?" दोघं वैमानिक हसले. मी हसलो नाही, कारण हॉर्न असतो! पुढच्या चाकाच्या खोबणीत बसवलेला असतो. जमिनीवर असताना खालच्या मेकॅनिकला हाक मारायची असेल तर वरून बटण दाबायचं. मी त्याला बटण दाखवलं. "आत्ता वाजवा ना," म्हणाला. आम्ही तेव्हा पस्तीस हजार फुटांवर होतो, वाजवून ऐकणार कोण? तो जाताना जरा नाराजच होता.

११ सप्टेंबर २००१ नंतर हे बंद झालं. अपहरणकर्ते कॉकपिटमध्ये शिरले होते, म्हणून दारं बंदुकीच्या गोळीला दाद न देणारी झाली आणि उड्डाणभर ती आतून बंद. बाहेरून आकडे दाबून उघडायची सोय आहे, पण आतला माणूस ती अडवू शकतो. त्याचीही एक काळी बाजू २४ मार्च २०१५ ला दिसली. जर्मनविंग्जच्या विमानात को-पायलटने कॅप्टनला बाहेर ठेवून दार बंद केलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं. आपल्याकडेही नियम कडक आहेत. २०२३ मध्ये दुबईहून दिल्लीला येणाऱ्या विमानात वैमानिकाने ओळखीच्या बाईंना आत बसवलं, तर त्याचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. तेव्हा हट्ट करू नकोस.

पण विमान उतरून इंजिनं बंद झाली, माणसं बॅगा काढायला उठली, की तू उठू नकोस. सगळे गेल्यावर दाराशी उभ्या असलेल्या ताईला नीट विचार: "मला कॉकपिट बघता येईल का?" नेहमी जमेलच असं नाही, पुढच्या फेरीची घाई असते. जमलं तर छान. नाही जमलं तर वैमानिकांनीच काढलेले व्हिडिओ बघ. ते बघताना बटणं मोजत बसू नकोस. हात बघ, आणि कोण कोणाला काय म्हणतोय ते ऐक. एकजण बोट दाखवून काहीतरी सांगेल आणि दुसरा तेच शब्द परत म्हणेल. तो का म्हणतोय, ते शोधून मला पत्र लिही.

सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यामुळे महिन्यातून दोनदा विमानात बसतो. वैमानिक झोपतात का? आणि दोघांना वेगवेगळं जेवण देतात म्हणतात, ते खरं का?
*— एक व्यावसायिक, विटा*

लांबच्या उड्डाणात जादा वैमानिक असतात आणि झोपायला वेगळी जागा असते, तिथे पाळीपाळीने झोपतात. काही देशांत खुर्चीतच एकाला थोडा वेळ डोळा लावायची नियमाने मुभा आहे, दुसऱ्याने जागं राहायचं आणि तसं आधी ठरवून घ्यायचं. तुमच्या दीड तासाच्या फेरीत हा प्रश्नच येऊ नये.

जेवणाचं बऱ्याच कंपन्यांत खरं आहे. एकाच डब्यातून दोघांचं पोट बिघडू नये म्हणून. आमच्यात कॅप्टन आधी निवडणार, को-पायलट त्याच्याहून वेगळं घेणार, आणि इंजिनिअरला जे उरेल ते. माझ्या वाट्याला किती उपमा आला असेल याचा हिशेब नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगून टाकतो. दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये गप्पा बंद. क्रिकेट नाही, बदल्या नाहीत, कोणाच्या पोराचं लग्न नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लटला उतरताना एक विमान धुक्यात पडलं, आणि कॉकपिटमधल्या आवाजाच्या नोंदीत सापडलं ते वैमानिकांचं इकडचं तिकडचं बोलणं. तिथे १९८१ मध्ये तसा नियमच झाला.

आदरणीय काका, माझा मुलगा नुकताच को-पायलट झाला आहे. तो सांगतो की कॅप्टनची चूक दिसली तर लगेच बोलायचं, हे त्यांना शिकवतात. आम्ही त्याला लहानपणापासून मोठ्यांना उलट बोलू नये असंच शिकवलं. तो खरंच बोलू शकेल का, या विचाराने झोप येत नाही.
*— एक आई, फलटण*

ताई, तुमचं पत्र चार दिवस टेबलावर होतं. लिहायला जड गेलं.

१ जानेवारी १९७८. मुंबईहून दुबईला निघालेलं जंबो, नाव 'एम्परर अशोक'. रात्रीची वेळ, समोर समुद्र, क्षितिज दिसत नाही. कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं यंत्र बिघडलं आणि विमान उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं. त्याने ते सावरायला डावीकडे वळवलं, वळवतच राहिला. मागच्या खुर्चीतल्या फ्लाइट इंजिनिअरच्या ध्यानात आलं की हे यंत्र खोटं बोलतंय. त्याने ते बोलूनही दाखवलं. पण तोवर उशीर झाला होता. उड्डाणानंतर १०१ सेकंदांत विमान वांद्र्यासमोर समुद्रात गेलं, २१३ माणसं. मी तेव्हा तिशीत होतो, त्याच खुर्चीतला माणूस. त्यानंतर कितीतरी रात्री उड्डाण झालं की माझी नजर माझ्या भिंतीवर कमी आणि दोघा वैमानिकांसमोरच्या त्या दोन यंत्रांवर जास्त असायची.

त्याच्या आदल्या वर्षी, २७ मार्च १९७७ ला, टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो धावपट्टीवर एकमेकांवर आदळली होती. ५८३ माणसं गेली. धावत सुटलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं विमान अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला, झालंय. तो कंपनीतला फार मोठा, मानाचा माणूस होता. त्यावर कोणी काही बोललं नाही.

तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. मुलाला जे शिकवतात ते इथून सुरू झालं, म्हणून लिहितोय. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि पुढे कॉकपिटमध्ये कसं बोलायचं याचंच शिक्षण आलं. पायऱ्या आहेत त्याला. आधी नुसतं लक्षात आणून द्यायचं, मग स्पष्ट सांगायचं की मला हे बरोबर वाटत नाही, मग काय करायला हवं ते सांगायचं, आणि तरीही ऐकलं नाही तर विमान हातात घ्यायचं. ती वेळ आली तर परवानगी विचारायची नसते.

आता माझी गोष्ट सांगतो. पावसाळ्यात मुंबईला उतरत होतो, पूर्वेकडून येत होतो, म्हणजे खाली डोंगर. टॉवरने चार हजार फुटांपर्यंत उतरायला सांगितलं. को-पायलटने रेडिओवर 'चार हजार' असंच परत म्हटलं. कॅप्टनने मात्र ऑटोपायलटला उंची सांगायच्या आकड्यांच्या खिडकीत तीन हजार लावले. मी मागून को-पायलटकडे बघत होतो. त्याने खिडकीकडे बघितलं, कॅप्टनकडे बघितलं आणि मग बाहेरच्या पावसाकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "सर, चार."

"तीन म्हणाला तो."

"सर, विचारून घेऊ."

त्यांनी विचारलं. चार होते. गुंडी फिरवली, आणि विमान थांब्याला लागेपर्यंत माझ्याशी कामाखेरीज एक शब्द नाही. क्रूच्या बसमध्ये को-पायलट माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मीही चारच ऐकलं होतं."

"ऐकलं होतं? तू स्वतः बोललास. मग त्यांना का नाही सांगितलंस?"

"सीनिअर आहेत ना."

हे तुमच्या घरातलं वाक्य आहे, ताई, आणि माझ्याही घरातलं. चांगल्या घरचा, गुणी मुलगा होता तो. त्या कॅप्टनचंही सांगतो. पुढच्या उड्डाणाला भेटले तेव्हा सगळ्यांदेखत "काय फोर थाउजंड, बरंय ना?" म्हणाले. निवृत्त होईपर्यंत मला त्याच नावाने हाक मारली. मुलीच्या लग्नात बायकोशी ओळख करून दिली तीही अशीच, "हे आमचे फोर थाउजंड." बिचाऱ्या त्यांना वाटलं, मी काही उधारी दिली होती.

माझी खुर्ची आता राहिली नाही. १९८९ मध्ये नवीन जंबो आलं, त्यात ९७१ दिवे आणि बटणं ३६५ वर आली, आणि माझं काम संगणकाकडे गेलं. विमानं आजची जास्त सुरक्षित आहेत, हे मी खुल्या मनाने मान्य करतो. कुठल्या टाकीत इंधन किती, हे संगणक माझ्यापेक्षा चांगलं सांगतो. पण 'सर, विचारून घेऊ' म्हणणारा तिसरा माणूस गेला, म्हणजे ते वाक्य आता तुमच्या मुलावर आलं. त्याला त्याची सवय लागली पाहिजे, आणि ती घरातही लावता येते. खंबाटकीच्या वळणावर वडील गाडी चालवताना तो म्हणाला, "बाबा, स्पीड," तर त्याला गप्प बसवू नका. वडिलांना सांगा, नुसतं 'चेक' म्हणायचं आणि पाय कमी करायचा.

तुम्ही आता प्रवासी म्हणून विमानात बसलात की झोप लागते का?
*— एक वाचक, कराड*

लागते, पण वर गेल्यावर. मागच्या दिवाळीत कोल्हापूरहून गेलो, उजळाईवाडीहून. पंख्याचं लहान विमान, दोन इंजिनं. पळायला लागलं तसे माझे डोळे आपोआप मिटले आणि कान इंजिनांकडे गेले, डावं उजवं एका सुरात आहे का बघायला. चाकं जमिनीवरून सुटली आणि मी मोठ्याने म्हणालो, "पॉझिटिव्ह रेट," म्हणजे विमान वर चढतंय, हा कॉकपिटमधला पुकारा. पलीकडच्या सीटवरचे गृहस्थ दचकले. सौभाग्यवतींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्यांना सांगितलं, "घाबरतात हो जरा."